अर्ध्या कोब्याला तडे

१

कोब्याला तडे गेले होते, पण अर्ध्याच.

खोलीच्या मधोमध एक सरळ रेघ होती. तिथे आदल्या दिवशी सकाळचं काम संपून दुपारचं सुरू झालं होतं. रेघेच्या अलीकडचा कोबा पितळी ताटासारखा गुळगुळीत, आणि पलीकडे उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा भेगा, फक्त बारीक. मी तिथे पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि लिंगराज शेठ वीस माणसांसमोर आश्रुबा मिस्त्रीला चोर म्हणत होता.

आधी माझी ओळख करून देतो, कारण दुसरं कोणी ती नीट करून देणार नाही. मी दिनकरराव, मुन्सिफ कोर्टाचा पेशकार. अठ्ठावीस वर्षं न्यायाधीशाच्या शेजारी बसून लोकांच्या जबान्या उतरवल्या. माणूस खोटं बोलण्याआधी काय करतो, ते मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त कळतं. पेन्शन घेऊन मानवतला राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत माझ्याशी कोणी धड खोटं बोललं नव्हतं आणि माझा जीव अगदी आंबून गेला होता.

हे एकोणीसशे एकोणचाळीसच्या चैत्रातलं. लिंगराज आमच्या गावचा जिनिंगवाला. त्याची धाकटी बहीण चन्नबसम्मा पहिल्या बाळंतपणात गेली. परभणीला न्यायला गाडी जुंपली होती, ती अर्ध्या वाटेवरून परत आणावी लागली. तिच्या नावानं तो बाळंतिणींचा दवाखाना बांधत होता. बाळंतिणीच्या खोलीला सिमेंटचाच कोबा हवा आणि त्याला एकही चीर नको, असं डॉक्टरनं बजावलं होतं. चिरेत घाण बसते, धुऊन निघत नाही.

आश्रुबा बोरीचा. बाप चुन्याच्या कामातला नावाजलेला गवंडी. पोरगा हैदराबादेत पाच वर्षं राहून सिमेंटचं काम शिकून आला होता आणि स्वतःच्या नावावर घेतलेलं हे त्याचं पहिलं काम होतं.

"काल सकाळी मी हितं हुबा होतो, तर काम पक्कं झालं," लिंगराज ओरडत होता. "दुपारी मी जिनात गेलो, तर हे असं. शिमिट कुठं गेलं रे?"

"मी तर कवाच ओळखलं व्हतं, मालक," कोठीवरचा कारभारी बन्सीधर म्हणाला. "दुपारच्या मालात शिमिट कमी व्हतं."

"शेठ, दोन्ही टायमाला एकच माप घातलंय. माझ्या बापाची आन."

"बापाचं नाव घेऊ नको! ऊन डोक्यावर यायच्या आत हा अर्धा कोबा तुझ्याच हातानं खोद आन् गाव सोड."

आश्रुबाचा चेहरा उतरला. अगदी हळू तो म्हणाला, "बोरीला कोणतं तोंड घेऊन जाऊ?" हे त्यानं कोणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं. पण मला ते ऐकू आलं.

मी पुढे झालो. "शेठ, ऊन डोक्यावर येईपर्यंत वेळ दिलाच आहे, तर तो मला द्या."

"पेशकारसाब, तुमाला शिमिटातलं काय कळतंय?"

"काही नाही. पण खोट्यातलं बरंच कळतं."

लिंगराजनं एकदा वर उन्हाकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. तवर टिकाव लागायचा न्हाई. त्याच्याम्होरं मात्र माझं मी बगीन."

२

आश्रुबाला मी भिंतीच्या सावलीत बसवलं आणि तपकिरीची चिमूट ओढली. जबानी घेण्याआधी मी नेहमी तेवढा वेळ घेतो. समोरच्याला वाटतं, म्हातारा विचार करतोय.

"तडा जातो कशानं?"

"वरचं पानी उडाल्यानं जातो, साब. आतला माल वला ऱ्हातो आन् वरची कातडी वाळून आवळती. मळलेलं पीठ उघडं ठेवलं की त्याला चिरा पडतेत ना, तसं."

"मग तो जाऊ नये म्हणून काय केलंस?"

त्यानं सगळं सांगितलं. माल ओतायच्या आधी खालची जमीन भिजवली, म्हणजे ती मालातलं पाणी पिणार नाही. पश्चिमेच्या उघड्या बाजूला तुराट्यांचे तट्टे बांधले, म्हणजे गरम वारा अंगावर येणार नाही. आणि माल जरा धरला, म्हणजे घट्ट झाला, की त्यावर ओलं गोणपाट.

"दोन्ही अर्ध्यांना?"

"दोन्हीला," तो म्हणाला, आणि थांबला.

अशा थांबण्याची मी अठ्ठावीस वर्षं वाट बघत आलोय. "पण?"

"सकाळच्या मालावर तासा-दीड तासात गोणपाट टाकलं. दुपारचा माल मातर धरंचना, साब. मऊ मालावर गोणपाट टाकावं तर चिकटतंय. म्हून वाट बगत बसलो. वारा तट्ट्याच्या वरून यायलाला. दिवस बुडाला तवा कुठं टाकलं, त्ये बी भीत भीत."

मी आत जाऊन गुडघ्यावर बसलो. सकाळच्या कोब्यावर काही खूण नव्हती. दुपारच्या कोब्यावर, भेगांच्या मधे, गोणपाटाच्या विणीचे बारीक चौकडे उमटले होते. माल मऊ असतानाच गोणपाट पडलं होतं. आश्रुबा खरं बोलत होता. चार-पाच तास तो कोबा उघडा पडून वारा खात राहिला, म्हणूनच त्याला तडे गेले होते.

पण तो धरला का नाही? बन्सीधर म्हणतो तसं सिमेंटच कमी असेल, तर?

भेगेच्या कडेला अंगठा दाबला तर खळी पडली. चिमूटभर माल काढून मी बोटांत चोळला. आश्रुबानंही चोळला आणि माझ्यासमोर धरला.

"शिमिट कमी असतं तर वाळू मोकळी झाली असती. हे कणकीवानी चिकट हाय. बगा तुमीच."

माझी बोटंही तेच सांगत होती. सिमेंट पुरेपूर होतं. चोरी झालीच नव्हती.

"मग हे धरत का नाही?"

आश्रुबानं मान हलवली. "कायतरी गेलंय त्यात, साब. माझ्या हातून न्हाई."

३

कडूबाई विहिरीवरून पाणी आणून पिंपं भरत असे. बन्सीधरनं तिच्यावरही ओढ्याचं घाण पाणी आणल्याचा ठपका ठेवला होता, त्यामुळे ती आधीच तापलेली होती.

"इहिरीचंच पानी हाय. वढा तर कवाच आटलाय, त्याला दिसत न्हाई का? एक पिंप सकाळच्या मालाला, एक दुपारच्या. दुसरं मी भाकर खायाच्या आदी भरून ठिवलं."

"पाणी कसं होतं?"

"भरलं तवा नितळ. भाकर खाऊन आले तर चहावानी दिसायलं. म्हनलं, पिंपाचा गंज सुटला आसंल."

"तेव्हा पिंपाजवळ कोण होतं?"

"बन्सीधरभाऊ व्हते की. मालावर न् पान्यावर ध्यान ठेवायलाच बसवलंय त्यास्नी."

बन्सीधर बोलावण्याची वाट न बघताच आला. असा साक्षीदार मला फार आवडतो.

"मी पिंपाशीच व्हतो, पेशकारसाब. डोळ्यांत तेल घालून बसलो व्हतो. चिटपाखरू आलं न्हाई."

"म्हणूनच म्हणतो, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कारभार चालतात. कडूबाई घागर घेऊन पिंपाशीच पडली, घागर फुटली, तेव्हा तुम्हीच हात दिलात म्हणे?"

"व्हय, व्हय. मीच दिला. बिचारी म्हातारी बाई."

"घागर फुटलीच नाही, बन्सीधर. ती बघा, तिच्या डोक्यावर आहे. आणि तिनं म्हातारी म्हटल्याचं ऐकलंय."

बन्सीधरचं तोंड बघण्यासारखं झालं. मग त्यानं हात जोडले. भाकरी खाऊन लिंबाखाली पाठ टेकली ती डोळा लागला, तो गवंडी कामाला लागले तेव्हाच उघडला. सकाळी तडे बघितल्यावर त्याला घाम फुटला. पहाऱ्याचं कोणी विचारायच्या आत त्यानं आश्रुबाकडे बोट दाखवलं होतं.

"मालकाला सांगू नका, साब."

"ते नंतर ठरवू," मी म्हटलं. मला त्याचा राग आला होता. स्वतःची डुलकी झाकायला त्यानं दुसऱ्याची इज्जत पांघरली होती.

पण त्याच्या डुलकीनं एक गोष्ट मात्र पक्की केली. भाकरीच्या वेळात पिंपाजवळ कोणीच नव्हतं.

दुपारचं पिंप कोपऱ्यात रिकामं पडलं होतं. त्याच्या काठावर तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती. बाहेरून वर, काठावरून आत. शेजारच्या सकाळच्या पिंपावर एकही मुंगी नव्हती. मी आत हात घातला, तळाच्या ओलीला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

गोड लागलं.

४

"गूळ!" आश्रुबा मटकन खाली बसला. "हैदराबादच्या उस्तादानं पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं, ह्या मालाला गोड लागू देऊ नको. धरतच न्हाई तो. थोडा पडला तर उशिरानं धरतो, लय पडला तर कवाच न्हाई."

"आणि चुन्याला?"

"चुन्याला तर घालतेतच. माझा बाप गूळ न् बेलफळ भिजवून त्याचंच पानी घालायचा. त्यानं चुना लोखंडावानी व्हतो."

बन्सीधरला आता जोर चढला. "दुष्मनाचं काम हाय, साब! मालकाचं चांगलं बघवत न्हाई असा कोनतरी!"

मीही आधी तेच म्हणणार होतो. कोर्टात बसून बसून सगळीकडे दुष्मन दिसायची सवय लागते. पण मी पुन्हा चिमूट ओढली आणि यावेळी खरोखर विचार केला.

ज्याला कोबा बिघडवायचा आहे, त्याला गुळानं सिमेंट बिघडतं हे ठाऊक हवं. मानवतात ते किती जणांना ठाऊक होतं? एकट्या आश्रुबाला. आणि स्वतःच्या पहिल्या कामावर, स्वतःच्या नावावर तो कशाला कुऱ्हाड घालील? बाकी सगळ्या गावाला उलटंच ठाऊक होतं. गुळानं काम पक्कं होतं, हेच प्रत्येकानं बापाकडून आणि आज्याकडून ऐकलेलं. म्हणजे ज्यानं कोणी गूळ घातला, त्याला कोबा बिघडवायचा नव्हता. त्याला तो पक्का करायचा होता. मी सकाळपासून वैरी शोधत होतो आणि शोधायला हवं होतं ते या खोलीवर जीव असलेलं माणूस.

मी पिंप उन्हात आडवं केलं. तळाशी पिवळट धागे चिकटले होते आणि त्यांत एक चपटी केसाळ बी. बेलफळाची.

त्या आवाराला लागून बेलाचं झाड एकच होतं, लिंगराजच्या घराच्या मागच्या अंगणात. रोज पूजेला पान लागतं म्हणून ते लावलेलं. त्या झाडाचं पानसुद्धा एका माणसाला विचारल्याशिवाय कोणी तोडत नसे.

अठ्ठावीस वर्षांत मी बड्या बड्यांच्या जबान्या उतरवल्या, पण आता जिला विचारायचं होतं ती लिंगराजची आई होती. आणि ती खोली तिच्या मेलेल्या लेकीच्या नावाची होती.

५

मल्लम्मा अंगणात बेलाखाली बसल्या होत्या. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंडकात लिंग, सत्तरीतही ताठ. मला बघून त्यांनीच विचारलं, "पेशकार, गूळ कमी पडला का हो?"

मी वाटेत चार प्रश्न नीट लावून ठेवले होते. ते तसेच राहिले.

"सकाळपासून जिवाला घोर लागलाय," त्या म्हणाल्या. "तडे गेले म्हनतेत. माझं मापच चुकलं. ह्या आश्रुबाच्या बापानं आमचा मठ बांधला, गुळाचं न् बेलाचं पानी घालून. चाळीस वर्सं झाली, केसावानी चीर न्हाई. मी आश्रुबाला म्हनलं, गूळ कवा घालनार? तो नुसता हसला. मला वाटलं, इसरलाय, न्हाईतर मागायला लाजायलाय. समदे भाकर खायाला गेले, तो बन्सीधर घोरायलाला. मी जाऊन वतून आले. चार बेलफळं आन् गूळ, रातभर भिजवलेला."

"शेठना सांगितलं नाही?"

"त्यात सांगायचं काय? चन्नीची खोली हाय. एकदा लेकरू हातचं गेलं. तिच्या नावाच्या खोलीला तरी तडा जाऊ ने म्हून..." त्यांनी पदर तोंडाला लावला.

पलीकडे एका माणसाचं नाव मातीत जात होतं, म्हणून बोललो. चुना वेगळा, सिमेंट वेगळं, हे सांगितलं. लिंगराजनं आश्रुबाला काय म्हटलं तेही सांगितलं. ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या काठी टेकून उठल्या. "चला."

"आजी, तुम्ही बसा. मी शेठना सावकाश सांगतो."

"तुमी कशाला? मला तोंड न्हाई का?"

"गूळ किती होता, आजी?"

"अर्धा शेर. घरात तेवढाच व्हता."

अर्धाच शेर! मला आश्रुबाचं बोलणं आठवलं. थोडा पडला तर उशिरानं धरतो. तेवढ्यात दवाखान्याकडून टिकावाचा आवाज आला.

६

उन्हाला अजून डोक्यावर यायला वेळ होता, पण लिंगराजच्या डोक्यात ते आधीच चढलं होतं. आश्रुबा टिकाव हातात घेईना, म्हणून शेठनं स्वतःच घेतला होता. उंबऱ्याजवळ दोन घाव पडले होते. सकाळचीच वीस माणसं भोवती उभी होती.

"लिंग्या, ठेव ते!"

त्या आवाजानं टिकाव वरच्या वर थांबला. मल्लम्मांनी सगळ्यांसमोर, एक शब्द न गाळता, आपण काय केलं ते सांगितलं. लिंगराजच्या तोंडातून "अव्वा" एवढंच निघालं. आईला तो अव्वा म्हणायचा.

मी म्हटलं, "आश्रुबा, गूळ अर्धाच शेर होता."

आश्रुबानं एकदा माझ्याकडे, एकदा कोब्याकडे बघितलं आणि धावत जाऊन अंगठा दाबला. "मऊ हाय! शेठ, ह्यो मेला न्हाई, निस्ता उशीर झालाय! तडे मिटवता येतेत. पर आत्ताच!"

मग त्या खोलीत कोणी मालक, कारभारी, पेशकार राहिलं नाही. आश्रुबानं आडवी फळी टाकली, तिच्यावर गुडघे टेकले आणि थापी घेतली. पाण्याचा हलका शिपका, मग थापीचे जवळ जवळ ठोके, मग लांब हात. एकेक भेग बुजत गेली. टिकावाचे दोन खड्डेही त्यानं ताज्या मालानं भरून थोपटले. मी आणि बन्सीधरनं तुराट्यांचे तट्टे हातभर उंच केले. बन्सीधर नको तितका राबत होता आणि मी त्याला राबू देत होतो. ओलं गोणपाट या वेळी कोब्यावर टाकलं नाही, काठ्यांवर बोटभर अधांतरी ताणलं, म्हणजे मऊ मालाला चिकटणार नाही आणि वाराही लागणार नाही. उन्हं कलली तेव्हा आश्रुबा उठला. त्याचे गुडघे सोलले होते आणि तो हसत होता.

"आता धरला की दहा दिवस वला ठेवायचा," तो म्हणाला. "दोन्ही येळंला पानी."

"घालीन की मी," कडूबाई म्हणाली.

"तू न्हाई," मल्लम्मा म्हणाल्या. "ह्याला चोर कोन म्हनलं? पानी त्यानं घालायचं."

लिंगराजनं आईकडे बघितलं, मग भोवतालच्या माणसांकडे, आणि मान खाली घालून हो म्हणाला.

आणि त्यानं घातलं. जिनिंगवाला लिंगराज शेठ खांद्यावर घागर घेऊन सकाळ-संध्याकाळ विहिरीवर जायचा. कोबा दोन दिवसांनी धरला, त्यावर मातीचे छोटे बांध घालून वाफ्यांत पाणी भरायचं ठरलं, आणि घागरी दुप्पट झाल्या. पहिल्या दिवशी वीस माणसं बघायला होती. पाचव्या दिवशी मोंढ्याच्या बाजारातले आडते दुकानं टाकून आले. कडूबाई भिंतीला टेकून बसायची आणि घागर कशी धरावी हे त्याला सांगायची. बन्सीधरचं मी लिंगराजला सांगितलं नाही. त्यानं स्वतःच सांगितलं, तिसऱ्या दिवशी, आणि त्यालाही एक घागर मिळाली.

धरल्यापासून दहाव्या दिवशी बांध फोडून पाणी काढलं. डॉक्टर स्वतः परभणीहून आले होते. त्यांनी कोब्यावर हात फिरवला, कडेकोपरे बघितले, आणि सकाळचा अर्धा कोणता, दुपारचा कोणता, ते आम्हालाच विचारलं. मला दुरून सांगता आलं नाही.

पण मला त्या दिवसापेक्षा आठवी संध्याकाळ जास्त आठवते. आवार माणसांनी भरलेलं होतं. आश्रुबा वाफ्यांतून फिरला, एका कोपऱ्याशी वाकला आणि जरा चाचरत म्हणाला, "शेठ, ह्या कोपऱ्यात पानी कमी हाय."

लिंगराजनं घागर खाली ठेवली, येऊन कोपरा बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हाय खरं, मिस्त्री. गूळ अव्वाचा व्हता, पर चोर तुमाला मी म्हनलो. चूक माझी हाय."

आश्रुबानं गमच्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. लिंगराजनं घागर उचलली आणि तो पुन्हा विहिरीकडे निघाला.